हळदीचा डबा
हळदीच्या डब्याचं झाकण उघडलं की मला थोरल्या जाऊबाईंची तांबडी कोंबडी आठवते. लग्नानंतर मी घोटावड्याहून, माहेरच्या दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, सासरी भऱ्याला आणल्या. नव्या कोंबड्या काही दिवस जुन्यांच्या नजरेसमोर डालग्याखाली झाकायच्या, मगच सोडायच्या, हे जाऊबाईंना चांगलं ठाऊक होतं. तरी मी पाण्याला गेल्यावर त्यांनी डालगं उचललं. परत आले तर तांबडी माझ्या तलंगांची डोकी फोडत होती. “नव्या आलेलीनं टोचून घ्यायचंच असतंय. हुईल सवय,” जाऊबाई हसल्या. मी जखमांना हळद-तेल लावलं. पुढं त्या आठवडाभर माहेरी गेल्या, तेव्हा मी तांबडीला गोठ्यामागं झाकलं. दाणापाणी दिलं, पण बाकीच्यांच्या नजरेला पडू दिलं नाही. तेवढ्या दिवसांत कोंबड्या ओळख विसरतात. जाऊबाई परतून अंगणात आल्या आणि मी तांबडीला सोडलं. सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या, माझ्या तलंगा सगळ्यांत पुढं. “अगं झाक तिला, मारत्याल!” “हुईल सवय,” मी म्हणाले. रक्ताळलेली तांबडी कडेवर घेऊन त्यांनी हळद मागितली. “संपली,” भरलेला डबा मागं सारत मी म्हणाले. डबा आजही तोच आहे, आणि झाकण उघडलं की मला अजून बरं वाटतं.