पिप्याखालचा बॉम्ब

काचेपलीकडे सुलभा बसली होती. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच काम. डाव्या कानाच्या वेळी तिचा अंगठा भराभर चालला. मग उजव्याची पाळी आली आणि तो बटणावर नुसता टेकून राहिला. काचेच्या अलीकडे मी उगाचच माझा अंगठा दाबत होतो.

अकोल्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आलेख पाहिला. "सेन्सोरीन्यूरल हिअरिंग लॉस," ते म्हणाले. म्हणजे पडदा शाबूत असतो, पण कानाच्या आतल्या भागात आवाज पकडणाऱ्या नाजूक पेशींना इजा झालेली असते. मेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत.

"किती दिवस झाले?"

"सहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दुसऱ्या दिवशीच यायला हवं होतं."

ते सहा दिवस कसे गेले हे सांगण्यासाठीच लिहितोय. दिवाळी सगळ्यांच्याच घरी येते.

सुलभा, माझी बायको, किन्हीराजाजवळच्या आमच्या गावात उपकेंद्रावर नर्स आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. मी हायस्कुलातून निवृत्त झालेला मास्तर. पुस्तकं वाचणं आणि समारंभ टाळणं एवढेच दोन उद्योग. दिवाळीआधी तालुक्याला तिचा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि जिच्यावर तिचं नाव चुकलं होतं अशी ट्रॉफी. तेवढ्यावर भागलं असं मला वाटलं. पण एसटीतून फाट्यावर उतरलो तर ढोल-ताशा, आणि सगळ्यांच्या पुढे गजानन.

गजाननचं किराणा दुकान आहे, दिवाळीत तो फटाके विकतो. त्याची रूपाली सुलभाच्याच हातांवर जन्मली, आणि आता तीच बाळंतपणासाठी माहेरी आली होती. उपकाराची फेड म्हणून त्यानं दुकानातला सगळ्यांत मोठा सुतळी बॉम्ब आणला होता, आणि तेलाचा रिकामा पिपा. बॉम्बवर पिपा पालथा घातला की आवाज केवढा होतो, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं.

"गजानन, पिपा तरी राहू दे बाबा," मी म्हणालो.

"सर, तुमी गप बसा. बाईचा सत्कार अन् मुक्यानं? कसं दिसन ते?"

फटाक्याच्या आवाजाला कायद्यानं मर्यादा आहे. खोक्यावर छापलेली असते, चार मीटरवरून मोजलेली. मी ती वाचलीही होती. पिप्याबद्दल तिथे काही लिहिलेलं नव्हतं. आणि सुलभा चार मीटरही लांब नव्हती. बाया तिला फाट्यावरच पाटावर बसवून औक्षण करत होत्या, आणि औक्षण चालू असताना पाटावरून उठत नाहीत. ती उठली नाही.

बॉम्ब फुटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिपा समोरच्या पत्र्यावर जाऊन पडला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, उजव्या कानाले दडा बसला. सुटन सकाळपर्यंत."

सुटला नाही. कानात रातकिडे ओरडू लागले. याला टिनिटस म्हणतात. बाहेर आवाज नसताना कानात ऐकू येणारा आवाज. जी बाई अठ्ठावीस वर्षं गावाला "कानात तेल घालू नका" म्हणून ओरडत आली, तिनं लसूण टाकून तेल कोमट केलं. मी वाटी धरली. दिवाळीत डॉक्टर कुठे सापडायचे, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. खरं म्हणजे, सत्कारात कान गेला हे सांगायची लाज वाटत होती.

सहाव्या दिवशी रूपाली तपासणीला आली. सुलभानं फीटोस्कोप, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं ते छोटं नरसाळं, तिच्या पोटावर टेकवलं आणि सवयीनं उजवा कान लावला.

काहीच नाही.

तिनं जागा बदलली. तरीही नाही. "बाई, काहून बोलत नाई तुमी?" रूपाली विचारू लागली. सुलभा पांढरीफटक पडली. मग तिनं मान वळवून डावा कान लावला. ठोके धावत होते, घोड्यासारखे. संध्याकाळी मला हे सांगताना ती पहिल्यांदा रडली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही अकोल्याला गेलो.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी साखर वाढते, म्हणून रोज साखर तपासायची. मग इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शनं. म्हणजे पडद्यातून सुई घालून औषध थेट मधल्या कानात सोडायचं. दर आठवड्याला एक, अशी चार. बाहेर बाकांवर कमी ऐकू येणारी माणसं बसलेली, भिंतीवर "शांतता राखा" अशी पाटी, आणि पाटीखाली बसलेली मुलगी घसा ताणून एकेकाचं नाव पुकारायची.

प्रत्येक खेपेला गजानन सोबत यायचा. माफी त्यानं एकदाही मागितली नाही. डबा आणायचा, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, आणि सुलभा जेवेपर्यंत स्वतः हात लावायचा नाही.

थोडं परत आलं. जाड आवाज आले, बारीक आले नाहीत. "आता आहे ते जपा," डॉक्टर म्हणाले. मधल्या काळात रूपालीला मुलगी झाली, सुखरूप.

गजाननला मात्र हा निकाल मान्य नव्हता. दुकान उघडायच्या आधी तो रोज आमच्या ओसरीवर यायचा. सुलभा निवडत-टिपत बसलेली असायची. तो तिच्या उजव्या बाजूला मागे उभा राहून हळूच म्हणायचा, "बाई." ती वळायची नाही. तो चहा पिऊन जायचा. असं जवळपास वर्षभर चाललं.

आणि यंदा दिवाळीआधी एका सकाळी ती वळली.

"आलं आयकू! सर, वळल्या न बाई!" तो डोळे पुसायला लागला. मग जरा वेळानं, चहाची बशी फिरवत म्हणाला, "मंग यंदा मोठा माल आणाले हरकत नाई म्हना. गिऱ्हाईक मांगून राह्यलं."

सुलभानं सूप खाली ठेवलं. तिनं गप्प बसावं असं मला फार वाटलं; माणूस वर्षानंतर हसला होता.

"गजानन," ती म्हणाली, "तुही सावली दिसली मले भिंतीवर. आयकू नाई आलं रे."

त्यानं बशी खाली ठेवली.

"अन् हा?" त्यानं तिच्या डाव्या कानाकडे बोट केलं.

"तो हाये. तुह्या नातीचे ठोके त्यानंच आयकले. पुढच्या लेकरांचेही त्यालेच आयकाचे हायेत."

गजानन दुकान उघडायला गेला. यंदा त्याच्या दुकानात फुलबाज्या, भुईचक्र, अनार एवढंच होतं. पोरांनी नावं ठेवली. "कायले दुकान मांडलं, काका?" तो म्हणायचा, "पाह्याले. आयकाले नाई."

तुमच्या घरी कुणाचा दडा सुटला नाही, तर तेल गरम करू नका, गाडी पकडा. आम्हाला लाजेपायी सहा दिवस लागले. उरलेल्या कानाबद्दल मी कृतज्ञ आहे.

लक्ष्मीपूजनाला गजाननच्या अंगणात त्याच्या नातीला घेऊन सुलभा बसली होती. पोरांच्या गलक्यात तिच्या उजव्या बाजूला अनार पेटला. तिनं मला विचारलं, "याचा आवाज कसा होता हो? बारीक होता न?"

मी उठून तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि तिच्या कानाशी, जमेल तसा, तो आवाज काढून दाखवला.