तांब्यातला नमुना

"आधी भांडी घासायला शिक, मग कंपनीच्या नावानं बोंब मार." साहेब माझ्या आईला म्हणाला. पारावर, अख्ख्या गावासमोर. आमच्या विहिरीचा अहवाल त्याच्या हातात होता. पाणी पिण्यालायक, असं लिहिलेलं. म्हणजे घाण आमच्याच भांड्यांची. लोक हसले. आईनं पदर तोंडावर ओढला. मी दहावी शिकलेली, तरी गप्प बसले. त्याची लाज अजून जात नाही.

करमाडजवळ कारखान्यांना लागून आमची वस्ती. शहर वाढत आमच्या बांधापर्यंत आलं. दुष्काळात ओढा आटला, वाहत राहिलं ते कारखान्यांचं पाणी. तेच विहिरीत झिरपलं. पाणी पिवळं, वास औषधाचा, पोरांच्या अंगावर चट्टे. अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठं पाणी तपासणाऱ्या सरकारी खात्याचा हा साहेब नमुना घ्यायला आला होता.

विहीर दोन शेतं पलीकडं. साहेबाचे बूट चकचकीत. तो आमच्या खाटेवर बसला. पाहुण्यापुढं पिवळं पाणी कसं ठेवायचं? आईनं सकाळीच घागरीत तुरटी फिरवलेली, दुपदरी फडक्यातून गाळलेलं. वरचं नितळ तेवढं तांब्यात दिलं. साहेबानं ओठ लावला नाही. नमुन्याची बाटली मात्र त्याच तांब्यातून भरली.

"विहिरीचंच ना?"

"व्हय साहेब, विहिरीचंच." आई खोटं बोलली नव्हती.

पंच म्हणून सही मी केली. वळणदार अक्षरात, मोठ्या कौतुकानं.

आईवर मी चिडले नाही. गरिबाला घाणसुद्धा धुऊन दाखवावी लागते, नाहीतर तोच गलिच्छ ठरतो. चीड येते ती याची.

पुन्हा अर्ज केला. पुन्हा तोच साहेब, तीच खाट. "आण गं तांब्या," म्हणाला. आई उठली. मी तिचा हात धरला.

"विहिरीवर चला. पायऱ्या उतरा, तुमच्या हातानं भरा. नायतर माझी सही नाय."

"सही करणारे छप्पन्न मिळतील."

मिळाला. सरपंचाच्या भावानं शेजारच्या घरातल्या माठातून बाटली भरून दिली, सहीही ठोकली.

मी विहिरीत उतरले. कळशी भरली. गाळली नाही, निवळली नाही. एस.टी.नं शहरात नेली आणि साहेबाच्या टेबलावर ठेवली. त्यानं नाकाला रुमाल लावला.

"हे नियमात बसत नाही."

"तुमचंबी बसत नव्हतं."

शिपायानं मला बाहेर काढलं. दर सोमवारी काढतो. दर सोमवारी मी जाते. साहेब विहिरीच्या पायऱ्या उतरेपर्यंत जाणार आहे.