थर्लवेल वकिलांचा शब्द

अँब्रोज थर्लवेल वकिलांच्या दफनाला आम्ही सहा माणसं होतो, पाद्री आणि खड्डा खणणारा धरून. ज्या माणसाला आमच्या स्केलमाउथ गावाने खांद्यावर बसवून स्टेशनपर्यंत मिरवत नेलं होतं, त्याच्यामागे सहा माणसं! मी गेले ती त्यांची जुनी कारकून म्हणून. नाही गेले तर लोक काय म्हणतील, एवढ्याचसाठी गेले. खोटं कशाला बोलू?

माणूस आमच्यातलाच. बाप गावातल्या जहाजं बांधायच्या यार्डात रिव्हेट ठोकायचा. पोरगा शिकला, वकील झाला, आणि मासेवाल्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. आमच्या खरेदीखतांना हॅडॉक माशांचा वास यायचा. लग्न केलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मिसेस डॉबसन, वेळच झाला नाही." जसं काही लग्न म्हणजे दात काढून घेणं!

आता वकिलांची एक रीत सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. घर विकणाऱ्याचा वकील फोनवर म्हणायचा, "शुक्रवारी बाराला किल्ली देतो." बस्स. ना सही, ना साक्षीदार. वकिलाने वकिलाला शब्द दिला की तो दगडावर कोरलेला. मोडला तर धंद्यातून उठला म्हणून समजा.

म्हातारी मॅगी प्रॉक्टर आमची अशील. घर विकलं, साहेबांनी शुक्रवारी किल्ली द्यायचा शब्द दिला, आणि ती नेमकी त्याच दिवशी आतून कडी लावून बसली. "मी नाही जात जा!" बाहेर घेणारं कुटुंब फुटपाथवर, पाच पोरं आणि एक पोपट. साहेबांनी काय करावं? सगळ्यांना स्वतःच्या घरी नेलं. तीन आठवडे! मी म्हटलं, "अहो, तो पोपट काय शिव्या देतो! तुमच्याकडे पाद्रीबाबा येतात, काही जनाची लाज?"

"पोपटाने कुणाला शब्द दिलेला नाही, मिसेस डॉबसन. मी दिलाय."

हा किस्सा गावभर झाला. आमचे जुने खासदार वारले तेव्हा यार्डातली माणसं जिना चढून वर आली आणि म्हणाली, तुम्हीच उभे राहा. भिंतीभिंतीवर दोनच शब्द, 'थर्लवेलचा शब्द'! यार्डाच्या फाटकापाशी पेटीवर उभं राहून ते म्हणाले, "माझ्या हातात असेल तोवर हे यार्ड बंद पडू देणार नाही. शब्द देतो." माझा राल्फ तिथे वेल्डर होता. दोन बोटं तोंडात घालून त्याने अशी शिट्टी मारली, की माझे कान बधिर झाले. किती खूश होतो आम्ही!

लंडनला ते काही रमले नाहीत. दर शनिवारी गाडीने परत यायचे आणि ऑफिसात बसून कुणाचं गळकं छप्पर, कुणाचं अडलेलं पेन्शन ऐकायचे. त्यांनी कोट काढायचा अवकाश, मी चहा आणून ठेवायची. "तिथला चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी," असं म्हणून दोन कप प्यायचे.

पार्लमेंटातही एक रीत असते. एका बाजूच्या माणसाला गैरहजर राहावं लागलं, तर समोरच्या बाजूचा एकजण त्याला शब्द देतो, की मीही मत देणार नाही. फिट्टंफाट. तीही तोंडीच. सरकारी बाजूच्या मिस्टर कॅरूंची बायको तीनशे मैलांवर त्यांच्या गावी मरणाला टेकली होती. साहेबांनी सोमवारी त्यांना सांगितलं, "निर्धास्त जा. परत येईपर्यंत मी मत देत नाही." ज्या सरकारी मदतीवर यार्ड चालायचं ती बंद करायचा ठराव पुढच्या आठवड्यात होता. तोवर कॅरू परतणार होते.

सरकारने तो ठराव अचानक मंगळवारी आणला. संध्याकाळी सातला मतदान.

साडेपाचला ऑफिसात फोन वाजला.

"मिसेस डॉबसन, तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून सांगतोय. मला आज मत देता येणार नाही."

"म्हणजे? तुमच्या पक्षाचे लोक काय म्हणतात?"

"ते म्हणतात, मोड शब्द आणि ये."

"मग जा की! लिहून दिलंय का त्या कॅरूला?"

"नाही. लिहिलेलं असतं तर निदान त्यातून वाट शोधता आली असती."

"अहो, मग त्यालाच विचारा, मला शब्दातून मोकळं करा म्हणावं!"

"तो बायकोच्या खाटेपाशी बसलाय. कुठल्या तोंडाने विचारू?"

"आणि फाटकापाशी आम्हाला दिलेला शब्द? तो काय पोपटाने दिला होता?"

मग हळूच म्हणाले, "मी सातपर्यंत खोलीवरच आहे. पार्लमेंट पाच मिनिटांवर आहे. इथला नंबर तुमच्याशिवाय कुणाकडे नाही. काही निरोप आला तर..."

मी फोन आपटला. डोकं असं भणाणलं होतं! हा माणूस पुन्हा फोन करणार आणि त्या मऊ आवाजात माफी मागणार, ती मला ऐकायचीच नव्हती. म्हणून मी रिसीव्हर उचलून टेबलावर ठेवला. तो कुंईकुंई करायला लागला तशी किटलीवरची लोकरी टोपी त्याच्यावर दाबली आणि रेडिओ लावून बसले.

ठराव एका मताने मंजूर झाला. साहेबांचं मत पडलं असतं तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली की सभापती आहे तेच चालू ठेवतात, म्हणजे ठराव पडला असता. हे नंतर गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं.

वर्षाच्या आत यार्डाला कुलूप लागलं. पुढच्या निवडणुकीत साहेब पडले आणि मुकाट्याने मासेवाल्याच्या माडीवर परत आले. त्यांना पाहून लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. दारावर कुणीतरी चुन्याने 'गद्दार' लिहिलं. त्यांनी ते पुसलं नाही, पावसाने गेलं तेवढं गेलं. मी नोकरी सोडली नाही, कारण राल्फला पुन्हा काम मिळालंच नाही. तो खिडकीशी बसून रिकाम्या क्रेनकडे बघत राहायचा. पण त्या दिवसापासून साहेबांना मी चहा दिला नाही. अकरा वर्षं! माझा कप भरून त्यांच्यासमोर प्यायची. ते उठून स्वतःचा करून घ्यायचे. एका शब्दाने कधी विचारलं नाही.

दफन झाल्यावर चॅपलमागच्या खोलीत हॅम सँडविच ठेवले होते. काठी टेकत एक उंच म्हातारा माझ्याकडे आला. "तुम्ही मिसेस डॉबसन ना? मी कॅरू."

मी म्हटलं, "बरं झालं आलात. तुमच्यापायीच तर गाव त्यांच्यावर उलटलं."

त्याला राग आला नाही. म्हणाला, "त्या दिवशी सहाच्या बातम्यांत मी ऐकलं, की मतदान आजच आहे. हॉस्पिटलमधूनच फोन करत सुटलो, त्याला सांगायला, की तू मोकळा आहेस, जा, मत दे. पार्लमेंटात तो सापडेना. माझ्याकडे दुसरा नंबर होता तो तुमच्या ऑफिसचा. सात वाजेपर्यंत फिरवत होतो. एंगेज."

मी हातातलं सँडविच बशीत परत ठेवलं.

"मी त्याला पत्राने कळवलं. त्याचं उत्तर आलं, की हे कुणालाही बोलू नका, मिसेस डॉबसनच्या नवऱ्याची नोकरी गेलीय, तिला हे पेलणार नाही. मी जिवंत आहे तोवर गप्प राहाल असा शब्द द्या. मी दिला."

म्हणजे ते जाणून होते. अकरा वर्षं माझा एकटीचा कप बघत, स्वतःची किटली स्वतः ठेवत, आणि दारावरचा चुना तसाच ठेवून. देवा, निदान एकदा तरी माझ्यावर ओरडायचं!

घरी आले तर राल्फ खिडकीशीच होता. मान न वळवता म्हणाला, "पुरलं का एकदाचं त्या गद्दाराला?"

मी कोटसुद्धा काढला नाही. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"राल्फ," मी म्हटलं, "फोन मी काढून ठेवला होता."