पोतं खाली ठेवताना

आजही सकाळी मी पाठकोऱ्या कागदावर दिवसाची कामं लिहितो आणि उरकतील तशी खोडत जातो. ही खोड विसाव्या वर्षापासूनची. त्या पावसाळ्यातली यादी अजून तोंडपाठ आहे: विहिरीवरून पाणी, बाबांना उठवून बसवणं, त्यांच्या कंबरेला तेल, आखाडा, पन्नास उचली, बाबांना परत आडवं करणं. सगळं झपाट्यानं. बाबा ओरडायचे, "अबे, मी काय पोतं हाओ? हळू टेकव ना!" मी "हो बाबा" म्हणायचो आणि तोवर दाराबाहेर असायचो.

घाईला कारण होतं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमालांच्या टोळीत होते. सरकीचं पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून चढायचं आणि थप्पीवर रचायचं, हे त्यांचं काम. मागच्या हंगामाच्या शेवटी त्यांची कंबर धरली ती सुटलीच नाही. टोळीचा मुकद्दम एकदा येऊन दारातूनच म्हणाला, "दिवाळीपर्यंत जागा तुमच्याच घरची. हंगाम लागला का पोट्ट्यानं तीन पोती चढवून दाखवावी. नाही जमलं त मी दुसरा पाह्यतो. मंग नाराज नोका होऊ." दुसरा तयारच होता, बाजूच्या खेड्यातला, रुंद खांद्यांचा. मी होतो काटकुळा. बाबांची जागा गेली असती तर आमच्या घरात कमावणारं कुणीच उरलं नसतं.

आमच्या बोरी अरबमध्ये गावच्या आखाड्यात वस्तीतल्यांना कधी उतरू दिलं नव्हतं. म्हणून वस्तीनं स्वतःचा केला होता, निळ्या झेंड्याच्या ओट्यामागं. तिथं जात्याचे दोन दगड बाभळीच्या दांड्याच्या दोन टोकांना घट्ट बसवलेले होते. दांडा जमिनीवरून खांद्यापर्यंत आणायचा, परत खाली टाकायचा, की झाली एक उचल. मोजायला जमिनीवर चिंचोके मांडलेले असत. प्रत्येक उचलीनंतर एक चिंचोका पायानं रेघेपलीकडे सरकवायचा.

मी रोजचा आकडा वहीत लिहायचो. श्रावण लागला तेव्हा पन्नास, संपला तेव्हा ऐंशी. वहीवर मी खूश होतो. मग एक दिवस मातीनं भरलेलं पोतं पाठीवर घेऊन ओट्याच्या पायऱ्या चढून पाहिल्या. चढलो. पण ठेवताना पोतं हातातून सुटलं, आणि त्याच्यामागून मीही ओट्यावर आपटलो.

आमचे वस्ताद पलटणीत नोकरी करून आलेले होते. कडुलिंबाखाली बसून ते हे सगळं बघत होते.

"किती झाले आज?" त्यांनी विचारलं.

"ऐंशी, वस्ताद."

"ऐंशी चिंचोके. दगड किती?"

मी दांड्याकडे पाहिलं.

"दगड वर कोण नेते?"

"मीच नेतो."

"अन् खाली कोण आणते?"

"खाली काय, तो आपोआपच येते."

"मंग अर्धं काम दगडच करून राह्यला, लेका. ताकद त्याची वाढन, तुही नाही."

बाकीचे खो खो हसले. पुढं महिनाभर माझं नाव चिंचोका पडलं.

वस्तादांनी नवा नियम घातला. वर न्यायला हवी तेवढी घाई कर, पण खाली आणताना तोंडानं तीन सरणं म्हणायची, बुद्धाचं, धम्माचं, संघाचं. तिसरं संपेपर्यंत दगड जमिनीला लागता कामा नये. वंदनेत ती तीनदा म्हणतात, म्हणून पहिल्या उचलीला पहिली फेरी, दुसरीला दुसरी, तिसरीला तिसरी. तीनच उचली, मग घरी. धर्मांतराला अजून वर्ष झालं नव्हतं, वस्ती बुद्धवंदना पाठ करत होती, त्यामुळं ओळी सगळ्यांच्या तोंडी होत्या. मला तर पक्क्या येत होत्या, आणि तिथंच मी घोळ केला. मी त्या एका दमात सटासट म्हणून टाकायचो आणि दगड धाडकन खाली.

"हे वंदना हाये का आगगाडी?" वस्ताद भडकले. "तुह्या मायले बोलाव."

दुपारी बायका ओट्यावर वंदना शिकायला जमत. मायला अक्षरओळख नव्हती. ती एकेक शब्द चाचपत, जपून म्हणायची. वस्तादांनी तिला सांगितलं, "वहिनी, तुम्ही म्हना. हा तुमच्या मागं मागं दगड खाली आणन."

शेजारच्या काकूंना ते पटलं नाही. "बाई, वंदना म्हनून कोनी दगड उचलते काय?"

"उचलतानी नाही म्हनत बाई," माय म्हणाली. "ठेवतानी म्हनतो."

पहिली फेरी कशीबशी निघाली. मांड्या पेटल्या, दंडाच्या शिरा टरारल्या. दुसऱ्या फेरीच्या आधी 'दुसऱ्यांदाही' अशा अर्थाचा एक नवा पाली शब्द येतो, आणि माय नेमकी तिथं अडायची.

"दु... दु..."

दगड छातीशी.

"दुतियम्पि, माय!"

"तू नोको सांगू. मले येते."

"मंग म्हन ना!"

"दु... थांब, येऊन राह्यलं."

वस्ताद कडुलिंबाखाली डोळे पुसत हसत होते. मला दोघांचाही राग यायचा. वहीत ऐंशीच्या खाली तीन लिहिताना लाज वाटायची. दिवाळी जवळ येत होती आणि मला वाटत होतं, ही दोघं मिळून बाबांची जागा घालवणार. चोरून जास्त उचली मारायला दोनदा पहाटे आखाड्यात गेलो. पण दगड हळू खाली आणताना तिसऱ्या उचलीनंतर चौथी जमत नव्हती. आधी मी ऐंशी मारायचो, आता चार होईनात, हे मला कितीतरी दिवस उलगडलं नाही.

हंगाम लागला. जिनिंगच्या आवारात सकाळीच टोळी जमली. पहिला नंबर रुंद खांदेवाल्याचा. तो फळीवरून अक्षरशः पळत चढला आणि पोतं थप्पीवर फेकलं. लोक "वा पैलवान!" म्हणाले. दुसरंही त्यानं तसंच फेकलं. शिवण उसवली आणि सरकी फळीवरून सरसर खाली आली. मुकद्दमानं खाली सांडलेल्या सरकीकडे पाहिलं आणि त्याच्यासाठी तिसरं पोतं मागवलंच नाही.

मग मी. दोघांनी पोतं पाठीवर दिलं. चढताना घाई केली, ती माझ्या रक्तातच होती. वर पोचलो, गुडघे वाकवले आणि मनात मायचा आवाज लावला. पोतं न आपटता टेकलं. दुसऱ्या पोत्याला थर उंच होता. दम संपत आला, आणि मनातली माय नेमकी दु... दु... वर अडली. मी तसाच थांबलो. पोतं पाठीवर, खाली सगळी टोळी.

"झोपला का बे वर?" कुणीतरी ओरडलं.

शब्द आला आणि पोतं हलकेच जागेवर बसलं. तिसरंही बसलं.

मुकद्दम शिडीनं वर चढला आणि पोत्यांच्या शिवणी हातानं चाचपल्या. "संध्याकाळ करशील तू," तो म्हणाला. "पन पोतं ठेवतो तू बापासारखं. उद्या ये."

मी घरी पळत आलो. बाबा भिंतीला टेकून बसले होते. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"टेकवतानी आवाज आला?" त्यांनी एवढंच विचारलं.

"नाही बाबा."

"मंग मले आता आडवं कर. सकाळपासून बसून कंबर गेली."

एक हात मानेखाली घातला, एक कंबरेखाली. चुलीपाशी माय भाकर थापत होती. मी मनातल्या मनात पहिली फेरी लावली आणि बाबांना खाली नेत गेलो. फेरी संपली तेव्हा त्यांची पाठ नुकती सतरंजीला लागत होती. त्या दिवशी बाबा ओरडले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "उद्या बी असंच."

संध्याकाळी यादी काढली आणि सगळी कामं खोडली. शेवटचं, बाबांना आडवं करणं, तेवढं खोडलं नाही.