न पेरलेलं गायरान

माझ्या सांगण्यावरून एका बाईने आपलं रान एक हंगाम पेरलं नाही, आणि त्यामुळे ते तिच्या हातून गेलं. आमच्या पुढाऱ्याने तिला फसवलं, असं मी काही वर्षं स्वतःच्या मनाला सांगत राहिलो. पण तिच्या दारात जाऊन 'पेरू नका' म्हणणारा मी होतो.

नव्वदच्या दशकात पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मी दूध संकलन केंद्र चालवायचो. गायरानाच्या कडेला, ओढ्यालगत, बौद्धवस्तीतली एक विधवा मावशी बाजरी करायची. तिच्या सासऱ्याने दगड वेचून तो तुकडा वहितीखाली आणला होता. कागदावर मात्र तो सरकारी. अशा जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर करायचं तेव्हा सरकारदरबारी चाललं होतं. फक्त पाहणीला माणसं येतील तेव्हा रान कसलेलं दिसायला हवं होतं.

त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक होती. आमच्या पॅनलचे प्रमुख वस्तीत म्हणाले, "कसेल त्याच्या नावावर करू." पारावर म्हणाले, "गायरान गुरांचं. एक गुंठासुद्धा कुणाला देणार नाही." दोन्ही सभांना मी त्यांच्या शेजारी होतो. राजकारणात असं बोलावं लागतं, अशी मी मनाची समजूत घातली. जीपमध्ये पुढे बसायला मिळायचं, लोक हाक मारून चहाला बोलवायचे. मला ते आवडायला लागलं होतं.

पेरणीच्या तोंडावर त्यांनी मला सांगितलं, "तिला म्हणावं, औंदा पडीक ठेव. पीक दिसलं की पारावरचे बिथरतील. निवडून आलो की नाव लावतो."

मी गेलो तेव्हा मावशी बियाणं पाखडत होती.

"पेरायचं न्हाई? मग खायाचं काय, तुमची भाषणं?"

"एका हंगामाचं तर हाय, मावशी. नंतर कायमचं तुमचंच."

"बाजरीला मत न्हाई, म्हनून तिला थांबवता व्हय?" ती हसली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "त्या मानसाचं मला ठावं न्हाई, भाऊ. तुमी सांगताय म्हनून ठिवते."

पॅनल निवडून आलं, प्रमुख सरपंच झाले. थंडीत तलाठी आणि सर्कलसाहेब पंचनाम्याला आले. तुकड्यात गुडघाभर कुसळी माजली होती. सरपंच म्हणाले, "इथं कोण कसतंय? गवतच हाय की."

मावशी माझ्याकडे वळली. "सांगा की भाऊ, कुनी थांबवलं त्ये."

सगळे माझ्याकडे बघत होते. "मला दुधाची गाडी गाठायचीय," एवढं बोलून मी निघालो.

पुढच्या वर्षी तिथे पंचायतीचं तारेचं कुंपण पडलं आणि झाडं लागली. मावशी राहुरीकडे उसाच्या कामाला गेली. झाडं चांगली वाढली. बाहेरगावची माणसं ती बघायला यायची, तेव्हा त्यांना चहा मीच पाजायचो.

काही वर्षांनी राहुरीच्या बाजारात मावशी भेटली. ती पार वाळली होती. मी तिथेच हात जोडले. तिने ते धरून खाली केले.

"मला कशाला सांगता? मला ठावंच हाय. गावाला न्हाई ठावं. गाव म्हनतं, म्हातारी लबाड बोलली."

पुढच्या ग्रामसभेला मी तिला बोलावून घेतलं. पाणीपट्टीचा विषय चालला असताना मी उठलो.

"ह्याच्या दुधाला फॅट लागंना वाटतं," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. सरपंच खुर्चीतून हातानेच मला खाली बस म्हणत होते. मी बसलो नाही.

"ओढ्याकडचा तुकडा मावशी कसत होत्या," मी म्हणालो. "पेरू नका, असा सरपंचांचा निरोप त्यांना मी दिला. पंचनाम्याला मला सगळं माहीत होतं आणि मी तोंड लपवून पळालो. त्या लबाड नव्हत्या, लबाड मी. मावशी, तुमचं रान मी घालवलं. माझं चुकलं."