आपाचे तीन रोजे

आपाला खरं नाव आहे, पण कारखान्यात ते कोणाला माहीत नाही आणि विचारायच्या भानगडीत कोणी पडलंही नाही. तिचा भाऊ बारक्या तिचा डबा घेऊन यायचा आणि दारातूनच बोंबलायचा, “आपा!” आपा म्हणजे ताई; तेव्हापासून ती सगळ्यांचीच आपा.

शर्टाला काजं पाडणं हे तिचं काम. पट्टीवर सहा, कॉलरला एक, कफांना दोन. शिलाई चुकली तर उसवता येते, काज एकदा कापलं की कापलं. एकोणीस वर्षांत तिने वाया घालवलेले शर्ट बोटांवर मोजता येतील. तिच्याबद्दल वाकडं बोलणाऱ्याने आधी तिच्यासारखं एक काज पाडून दाखवावं.

महिन्यातून तीन दिवस मात्र तिच्या वाटेला जायचं नाही. चंद्राची तेरा, चौदा, पंधरा तारीख. चंद्र भरत आला की तिला कसंतरीच व्हायचं. छातीत दाटून यायचं, झोप उडायची, उगाच कोणावर तरी खेकसायची.

“आपा, तिकडे चंद्र वाढतो आणि इकडे तुमचा पारा,” कटिंगमास्तर म्हणायचा.

“तुम्ही कापड नीट कापा, मग माझा पारा बघा.”

तिच्या अम्मीलाही असंच व्हायचं. अम्मी त्या तीन दिवसांचे रोजे धरायची. म्हणायची, “पोट गप्प बसलं की मनही जरा गप्प बसतं गं.” अम्मी गेली तेव्हा आपा एकोणीसची आणि बारक्या सहाचा. आपाने त्याच महिन्यात हे काम धरलं आणि ते तीन रोजेही धरले. बारक्या मोठा झाल्यावर तोही धरायला लागला. संध्याकाळी दोघं खिडकीशी बसायची, अजान झाली की पाणी प्यायची, आणि आपाला वाटायचं, चला, हाही महिना निघाला.

मग चौदा महिन्यांपूर्वी बारक्या एसी दुरुस्तीच्या कामावर परदेशात निघाला. सगळं ठरवून झालं आणि मग तिला सांगितलं, तेही बॅग भरताना. आपा पेटली. म्हणाली, “गेलास तर परत तोंड दाखवू नकोस.”

तो गेला. फोन नाही, निरोप नाही. हट्टी पोरगं. हट्ट कोणाकडून शिकला हे सांगायला नको. ख्यालीखुशाली कळायची ती कारखान्यातल्या इस्त्रीवाल्याकडून. त्याचा मेहुणा तिकडे बारक्याच्याच खोलीत राहतो. बारक्या अजून तीन रोजे धरतो हेही त्यानेच सांगितलं होतं.

तेवढ्यावर आपा जगत होती. तिकडे सूर्य अडीच तास उशिरा बुडतो. ती इथल्या अजानेला रोजा सोडायची, पण नुसता पाण्याने. जेवायला बसायची अडीच तासांनी, बारक्याचा सूर्य बुडाला की. त्याचा पहिला घास आणि तिचा पहिला घास एकदम. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मास्तराने वर्षभर चिडवलं असतं.

परवाच्या पंधराव्या चंद्राला इस्त्रीवाला बोलता बोलता म्हणाला, “मेहुण्याचा फोन होता. तुमच्या बारक्याचे रोजे काल संपले म्हणे. आज सगळे दुपारी एकत्र जेवणार होते.”

“काल कसे संपतील? आज पंधरा आहे.”

“इथे पंधरा. तिकडे नवा चंद्र एक दिवस आधी दिसतो ना आपा, महिनाच आधी लागतो. आज त्यांची सोळा. बहुतेक महिने असंच असतं.”

आपाला हे माहीत नव्हतं असं नाही. लहान पोरालाही माहीत असतं. पण तिने घड्याळाचे अडीच तास लावले आणि चंद्राचा एक दिवस लावून बघितलाच नाही. तिला त्याच्यासोबत बसायचं होतं, म्हणून ती बसली. जवळजवळ प्रत्येक महिन्यात एक संध्याकाळ ती एकटीच बसत होती, ताट झाकून.

पुढच्या शर्टाची काजं तिने उजव्या पट्टीवर पाडली. सहाच्या सहा. पुरुषाच्या शर्टाला तिथे बटणं लागतात. मास्तराने शर्ट उचलला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गुपचूप बाजूला ठेवला.

घरी अजान झाली. आपा पाणी प्यायली. आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिने बारक्याचा नंबर लावला.

“आपा?” बारक्या घाबराघुबरा. मागे पंख्याची घरघर. “कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं. तू कुठे आहेस?”

“छतावर. मशीन खोललंय. खरं सांग, काय झालं?”

“दुपारी जेवलास?”

“जेवलो की.”

“जेवलास! आणि मी इथे अडीच तास बसायचं तुझी वाट बघत?”

“माझी? कशाला?”

आपाने सगळं सांगितलं. सांगताना आवाज फाटला, म्हणून आणखी जोरात बोलली.

मग बारक्या हळूच म्हणाला, “तू असं उपाशी नको बसत जाऊस. मी... पुढच्या महिन्यापासून एक जादा धरतो. तुझ्या पंधराव्याचा.”

“भर उन्हात छतावर चढतोस आणि जादा धरतोस? काही गरज नाही. मी एक दिवस आधी सुरू करीन.”

“तू कशाला? मी धरतो म्हटलं ना!”

“मोठी मी आहे!”

असं भांडण चौदा महिन्यांत झालं नव्हतं.

“चार महिन्यांनी सुट्टी आहे,” तो म्हणाला. “पण तू म्हणाली होतीस, तोंड दाखवू नकोस.”

“घराची किल्ली कुठे टाकलीस का?”

“नाही. पाकिटातच आहे.”

“मग विचारतोस काय? मी दिवसा कामावर असते. तुझं तू उघडायचं आणि आत यायचं.”

तिकडून कोणीतरी बारक्याला हाक मारली. “आलो, आलो,” तो ओरडला आणि फोन कट झाला. आपाने ताट वाढून घेतलं आणि त्या दिवशी अडीच तास न थांबता पहिला घास घेतला.