जेटमधली तांब्याची तार

कनेरगाव नाक्यावर वैजनाथ मिस्त्रीच्या पान्यांपेक्षा त्याच्या कानाला मान जास्त. गाडी चालू करायची, वैजनाथने डोळे मिटायचे, मान किंचित तिरपी करायची आणि दोन बोटांनी कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवायचा. भोवतीची माणसं तोवर गप्प. शेजारचा रतनसिंग ढाबेवालासुद्धा झारा कढईवर धरून थांबायचा. इंजिन एका लयीत बोलू लागलं की वैजनाथ डोळे उघडायचा आणि म्हणायचा, "घेऊन जा." या दोन शब्दांसाठी साखऱ्याहून, जवळा बाजाराहून माणसं गाड्या घेऊन यायची.

पण त्याचं खरं नाव झालं ते एवरेजमुळे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पेट्रोल महागत चाललं तसा जो तो विचारू लागला, "मिस्त्री, एवरेज वाढंल का?" वैजनाथ वाढवून द्यायचा. कार्बोरेटरच्या पोटात पितळेचं एक इवलंसं जेट असतं. गाडी पळू लागली की पेट्रोल त्याच्या भोकातून वर चढतं. त्या भोकात तो केसाएवढी तांब्याची तार ओवायचा. भोक अरुंद झालं, पेट्रोल कमी गेलं, एवरेज वाढलं. दुसरे मिस्त्री तार नुसती खुपसत. वैजनाथ तिच्या टोकाला दुहेरी मुरका द्यायचा, नथीच्या फाशासारखा, म्हणजे ती हलत नसे. गिऱ्हाइकाला यातलं अक्षर सांगायचं नाही. जादूगार आपली टोपी कुणाला तपासायला देतो का?

यंदा सोयाबीनची मळणी जोरात असताना साखऱ्याची शिवकन्या त्याच्याकडे आली. शिवकन्या पशुसखी आहे. गावोगाव फिरून शेळ्यांना लस टोचते. तिची मोटारसायकल शंभर सीसीची, तीन मालक बघून तिच्याकडे आलेली. मागे लशीची पेटी बांधायला लोखंडी जाळी.

"मामा, गाडी दम धरून न्हाई राहिली. चढ लागला की खोकलती."

वैजनाथने बाजूचं झाकण काढलं. फिल्टरचा डबा उंदरांनी कुरतडलेला, आत मळणीचा भुसा गच्च. तसला डबा आता बाजारात मिळत नव्हता. मग त्याने तो काढूनच टाकला आणि हल्लीची पोरं हौसेने लावतात तो लाल रंगाचा, भोवऱ्याच्या आकाराचा उघडा फिल्टर थेट कार्बोरेटरच्या तोंडावर चढवला.

उघड्या फिल्टरमधून हवा धो धो आत येते. हवा वाढली की पेट्रोल वाढवायला हवं. त्यासाठी कार्बोरेटरची खालची वाटी उघडायची, जेट बघायचं, मोठं घालायचं आणि चढावर गाडी स्वतः पळवून खात्री करायची. वैजनाथला हे सगळं झोपेतही सांगता आलं असतं. त्याने पेचकस हातात घेतलाही होता.

तेवढ्यात रतनसिंग ढाब्यातून ओरडला, "मिस्त्री, खोलतो काहून? कान पेन्शनवर गेला का तुझा?"

चार माणसं हसली. वैजनाथने पेचकस खाली ठेवला. डोळे मिटले, मान तिरपी केली, स्क्रू फिरवला. उभी गाडी अगदी गोड बोलली. पण उभ्या गाडीला त्या जेटचं काम पडतच नाही. ते काम पडतं गाडी पळताना. भोवती माणसं जमलेली, नजरा त्याच्यावर खिळलेल्या; त्या घटकेला एवढी साधी गोष्ट तो विसरला.

"घेऊन जा," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी गाडी एका टेम्पोत आडवी पडून परत आली. शिवकन्या पुढे बसली होती. उतरली ती लशीची रिकामी पेटी छातीशी धरूनच.

एका वाडीला लस टोचायला जाताना चढावर गाडीतला जोर गेला, कर्र असा आवाज आला आणि इंजिन जाम झालं. चार किलोमीटर तिने गाडी ढकलली. वाडीत ऐंशी शेळ्या तिच्यासाठी बांधून ठेवल्या होत्या. तिथली द्वारकाबाई बारा शेळ्यांची मालकीण. तिचा शब्द म्हणजे वाडीचा शब्द. "सुईनं शेळी आटती" म्हणून तीन महिने नाही म्हणत होती, ती कशीबशी तयार झाली होती. शिवकन्या पोचली तेव्हा पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. सगळी लस टाकून द्यावी लागली.

"द्वारकाकाकू चारचौघांत म्हणल्या, बाईच्या हाती फटफटी दिली की आसंच व्हतं, पुन्हा इकडं येऊ नको," शिवकन्या म्हणाली. "त्या वाडीतून माझं नाव गेलं, मामा."

वैजनाथ पाना घेऊन गाडीपाशी बसला. त्याने प्लग काढला. चुन्यासारखा पांढराफटक. पेट्रोल कमी पडून इंजिन तापलं होतं. इंजिन खोललं तर पिस्टनवर ओरखडेच ओरखडे. मग त्याने कार्बोरेटरची वाटी उघडली, जेट सोडवलं आणि उजेडाकडे धरलं. भोकात तांब्याची तार होती. टोकाला दुहेरी मुरका.

गाडी कधीतरी, पहिल्या किंवा दुसऱ्या मालकाच्या काळात, त्याच्याच हाताखालून गेली होती.

"माझंच चुकलं आसंल," मागून शिवकन्या म्हणाली. "चढावर लय रेस दिली मी."

रतनसिंग चहा घेऊन आला होता. तो म्हणाला, "तुझं काही न्हाई बाई. जुनी गाडी हाय, दम निकल गया."

रंगमंचावर कधी कधी अशी वेळ येते. आपलं वाक्य समोरचाच चुकून बोलून जातो. आपण गप्प राहिलो तरी नाटक पुढे सरकतं आणि प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. वैजनाथने फक्त मूठ मिटायची होती.

त्याने हात पुढे केला. "हे बघ माय. ही तार माझी हाय. एवरेजसाठी मीच कवा तरी घातली. परवा वाटी उघडली आसती तर दिसली आसती. उघडली न्हाई. तुझं काही चुकलं न्हाई."

रतनसिंगने चहाचा ग्लास हळूच स्टुलावर ठेवला.

शिवकन्याने तार बघितली, मग वैजनाथकडे बघितलं. "हे मला सांगून काय उपेग, मामा? वाडीत कोण सांगंल?"

"चिठ्ठी देतो ना लिहून."

"चिठ्ठी कोण वाचंल, शेळ्या?"

दोन दिवस वैजनाथने दुसऱ्या कुठल्या गाडीला हात लावला नाही. बोअर-पिस्टन नवा घातला, तोही आपल्याकडून. जेट एक नंबर मोठं बसवलं. फिल्टरवर भुसा बसू नये म्हणून कापडाची टोपी शिवून आणली. मग नाक्यापुढच्या चढावर गाडी पळवली, थांबवली, प्लग काढून बघितला. चहासारखा तांबूस रंग आला तेव्हा कुठे तो परतला. रतनसिंगने विचारलं, "कानानं काय सांगितलं?" वैजनाथ म्हणाला, "कानाला इचारलंच न्हाई."

शिवकन्या नवी लस घेऊन आली तेव्हा तो तिच्या मागे बसला. जन्मात दुसऱ्याच्या गाडीवर मागे न बसलेला माणूस, मांडीवर बर्फाची पेटी घेऊन.

वाडीत द्वारकाबाई लिंबाखाली शेंगा निवडत बसली होती. "आली का फटफटीवाली? आन संगं मिस्त्री बी आणला! बरं केलं, वाटंत लागंलच."

आजूबाजूला हशा पिकला. वैजनाथ पुढे झाला.  त्याने सगळं सांगितलं: तार, फिल्टर, न उघडलेली वाटी. "ह्या पोरीनं गाडी बराबर चालवली. घाण मी केली. आन माझ्या हातची गाडी ज्याच्याकडं आसंल त्यानं नाक्यावर यावं, तार काढून देतो. एवरेज जरासं कमी व्हईल."

"मंग ऱ्हाऊ द्या की!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हशा झाला. पण या वेळी तो वेगळा होता. वैजनाथही त्यात सामील झाला.

द्वारकाबाई मात्र हसली नाही. तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "एवढं सांगायला तू नाक्याहून आला?"

"व्हय."

"मंग आता उभा काहून राहिला? ती काळी शेळी लई खट हाय. धर तिला."

वैजनाथने काळीच्या गळ्यात हात घातला. तिने पहिल्याच झटक्यात त्याला धुळीत बसवलं. दुसऱ्यांदा त्याने तिला गुडघ्यांत आवळलं. शिवकन्याने सुई भरली, हवा काढली, टोचली.

"आमच्या बी सोडून आणू का, बाई?" कुंपणापलीकडून कुणीतरी विचारलं.

"आणा लवकर," शिवकन्या वर न बघता म्हणाली. "बर्फ आजून हाय."